हद्दीवरची विहीर

ज्या माणसासाठी मी नोकरीतली बहुतेक वर्षं काम केलं, तो अजून जन्माला आलेला नाही. आमच्या कागदांत त्याला ‘प्रातिनिधिक व्यक्ती’ म्हणतात. त्याला नाव नसलं तरी त्याच्या सवयी मला पाठ आहेत. तो रोज किती पाणी पितो, वर्षाला किती तांदूळ खातो, किती मासे त्याच्या पोटात जातात, परसातली भाजी कोणत्या पाण्यावर वाढते, दिवसातले किती तास तो उघड्यावर असतो, जमीन उकरताना किती धूळ त्याच्या श्वासातून आत जाते, हे सगळं आमच्या तक्त्यांत असे. त्याला आम्ही मुद्दाम सगळ्यांत वाईट जागी बसवायचो. किरणोत्सारी कचरा पुरलेल्या आवाराच्या अगदी हद्दीवर त्याचं घर, हद्दीवरच विहीर, आणि त्या विहिरीखेरीज दुसरं पाणी त्याला जन्मभर मिळायचं नाही. मग हिशेब मांडायचा. पुरलेल्यातलं किती, किती वर्षांनी, कोणत्या वाटेनं त्याच्या तांब्यात पोचेल?

या कामाला सेफ्टी असेसमेंट म्हणतात. जगात सरासरी माणसाला निसर्गाकडूनच, म्हणजे दगडमाती, आकाश आणि श्वासातला रेडॉन यांतून, वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. पुरलेल्या कचऱ्यामुळे त्या न जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला येणारी भर वर्षाला ०.३ मिलिसिव्हर्टच्या आत राहावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. निसर्ग देतो त्याच्या आठव्या हिश्शाएवढी. एवढ्याशा आकड्यासाठी माणसं आयुष्यं घालवतात याचं मला पहिल्या दिवसापासून अप्रूप वाटत आलं आहे. तो माणूस तक्रार करणार नाही, मत देणार नाही, आमच्यापैकी कुणाचं नाव त्याच्या कानावर जाणार नाही. तरी त्याच्या तांब्यातल्या पाण्यावरून आमच्या बैठकांत आवाज चढायचे.

मी लालबागची. त्यामुळे असेल, पण कागदावरचा तो हद्दीवरचा माणूस मला कायम परळ-लालबागच्या वाटांवरच दिसत आला. सकाळी दादरहून ऑफिसच्या बसनं ट्रॉम्ब्याच्या बाजूला जायचं, दिवसभर माती-पाण्याचे आकडे पाहायचे आणि संध्याकाळी परत येऊन याच जुन्या, पुन्हापुन्हा खणलेल्या, भराव घातलेल्या जमिनीवरून घरी चालत जायचं. कागदातले प्रश्न मग रस्त्यावर भेटायला लागतात.

माझी धाकटी मावशी गिरगावात फणसवाडीत राहायची. तिच्या थायरॉइडच्या दुखण्यावर परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राचं हे केंद्र १९६३ पासून परळमध्ये, टाटा हॉस्पिटलच्या शेजारी आहे. गिरणगावातल्या कित्येकांना त्याची इमारत ठाऊक असते, पण आत अणुविज्ञानाचं काम चालतं हे माहीत नसतं. मावशीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. भरपूर पाणी प्यायचं, लहान मुलांजवळ जायचं नाही. तिनं तिथूनच मला फोन केला. ‘‘अगं, इथं माझं सगळंच वेगळं. संडाससुद्धा वेगळा. मग ते पाणी जातं कुठं? परळच्या गटारात?’’

त्या क्षणी मला माझ्या मावशीचा फार अभिमान वाटला. औषध कसं लागू पडतं हे सगळेच विचारतात. उरलेलं कुठं जातं, हे विचारणारी माणसं थोडी.

मी तिला सांगितलं, ‘‘लगेच गटारात सोडत नाहीत, मावशी. आधी टाक्यांत साठवून ठेवतात. या आयोडीनची ताकद आठ दिवसांत निम्मी होते, पुढच्या आठ दिवसांत त्याच्याही निम्मी. ऐंशी दिवसांत हजारावा भाग उरतो. मग मोजतात आणि सोडतात.’’

‘‘तेवढे दिवस काय करतात त्याचं?’’

‘‘काही नाही. नुसतं थांबायचं.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे सुतक फिटेपर्यंत बाजूला बसवायचं.’’

इतक्या वर्षांत आमच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. किरणोत्सार जाळून संपत नाही, धुऊन जात नाही, कुठल्या रसायनानं मरत नाही. तो फक्त काळानं विझतो. तोवर तो माणसापासून बाजूला राहील एवढं बघायचं. मावशीच्या आयोडीनला अडीच-तीन महिने पुरतात. वैद्यकीय तपासण्यांत वापरतात त्या टेक्नेशियमचं सहा तासांत निम्मं होतं, दोन-तीन दिवसांत ते संपल्यात जमा. कोबाल्ट-६० ला निम्मं व्हायला सव्वापाच वर्षं. आणि सीझियम-१३७ ला तीस वर्षं. दहा वेळा निम्मं झालं की हजारावा हिस्सा उरतो, या हिशेबानं सीझियमला तीनशे वर्षं लागतात.

हा तीनशेचा आकडा माझ्या नोकरीच्या मध्यभागी होता. अणुभट्ट्यांत, प्रयोगशाळांत, इस्पितळांत वापरलेले हातमोजे, गाळण्या, पुसायची फडकी, सिमेंटमध्ये घट्ट केलेला गाळ, असा कमी आणि मध्यम तीव्रतेचा कचरा आपल्याकडे जमिनीच्या वरच्या थरांतच पुरतात. सौम्य असेल तर दगडी अस्तराच्या चरात, त्याहून तीव्र असेल तर काँक्रीटच्या ट्रेंचमध्ये, आणखी तीव्र असेल तर ‘टाईल होल’ नावाच्या उभ्या, खोल नळकांड्यांत. भोवताली बोअरहोल असतात. त्यांचं पाणी नेमानं काढून तपासतात. आणि ही जागा तीनशे वर्षं माणसांच्या देखरेखीखाली राहील असं धरलेलं असतं. पहिली शंभर वर्षं कुंपण, पहारा, तपासणी. पुढची दोनशे वर्षं निदान जमिनीच्या वापरावर बंधन आणि नोंदी.

कागदावर हे एका ओळीत मावतं. ती ओळ वाचली की मी आजही मागे मोजून पाहते. तीनशे वर्षांपूर्वी काय होतं इथं? बाजीरावांना पेशवेपद मिळून पाचेक वर्षं झाली होती. वसई पोर्तुगीजांकडे होती, ती चिमाजी अप्पांनी घ्यायला अजून अवकाश होता. मुंबई सात बेटांची होती. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधलं खिंडार उघडं होतं आणि तिथून भरतीचं पाणी थेट आत, बेटांच्या मधल्या सखल भागांत शिरायचं. ते बांध घालून अडवलं अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यानंतरही शंभराहून जास्त वर्षं भराव चालूच होता. म्हणजे आम्ही ज्या काळाला ‘देखरेखीचा काळ’ म्हणतो, तेवढ्या काळात या गावात समुद्र मागे सरला, राज्यं बदलली, चलन बदललं, लिपी बदलली. एका खात्याचा शिक्का तेवढा टिकेल, असं आम्ही धरतो.

पण तीनशे वर्षांची देखरेख अशक्य आहे असं मी म्हणू शकत नाही, कारण तिचा एक दाखला चर्चगेटला आहे. क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर भिखा बेहराम यांची विहीर आहे. भिखाजी बेहरामजी पांडे या पारशी गृहस्थांनी ती १७२५ साली खणली. समुद्र इतका जवळ असून पाणी गोड. गेली तीनशे वर्षं ती वाहती, स्वच्छ, जपलेली आहे. पारशी येतात, प्रार्थना करतात, दिवे लावतात. आवां रोजला, म्हणजे पाण्याच्या दिवशी, गर्दी होते. आत पारशांनाच प्रवेश, म्हणून मी बाहेर जाळीशी उभी राहते. तिथं उभं राहिलं की माझ्या कागदातली विहीर आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईनं याच तीनशे वर्षांत गिरगावच्या वाड्यांतल्या किती विहिरी बुजवल्या! ही एक राहिली, कारण इथं रोज कुणाला तरी यावंसं वाटतं. तिच्यासाठी कुणी तीनशे वर्षांचा आराखडा केला नव्हता. आजच्या दिवसाचा दिवा आज लागला, एवढंच दर वेळी घडत गेलं.

पुरलेल्या कचऱ्याकडे कुणाला यावंसं वाटणार? त्याला नवस नाही, पाणी नाही, सण नाही. सगळं नीट चाललं तर तिथं बघण्याजोगं काही उरतच नाही. हीच त्या जागेची अडचण.

म्हणून आमच्या कामात एक पक्का शिरस्ता आहे. देखरेखीचा काळ संपला की माणसं विसरतील असं धरायचं. विसरले तर काय, याचाही हिशेब मांडायचा. त्यासाठी यादी असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकारानं १९९७ पासून काही वर्षं या पद्धतीवर बरंच काम झालं आणि अशा याद्यांना शिस्त आली. जागेची वैशिष्ट्यं, घडू शकणाऱ्या घटना, चालू असणाऱ्या प्रक्रिया. भूकंप. पूर. जमिनीची धूप. काँक्रीट झिजणं, सळ्या गंजणं. उंदीर-घुशींची बिळं. झाडांची मुळं. मुळांच्या ओळीवरून परदेशी अहवालांत लोक चटकन पुढे जातात. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ते जमत नाही. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीतून निघालेला पिंपळ ज्यानं पाहिला आहे, त्याला काँक्रीटच्या झाकणावरून मूळ काय करू शकतं हे सांगावं लागत नाही.

आणि पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. एकच शहर, एकच दिवस. पुढच्या तीनशे वर्षांचा सर्वांत मोठा पाऊस धरायचा तर कोणत्या मोजपात्रावर विश्वास ठेवायचा? आमच्यातले ज्येष्ठ सांगायचे, पाऊस केवढा पडला यापेक्षा पाणी जमिनीत कुठवर उतरलं ते बघ. खरं आहे ते. हिंदमाताच्या चौकात दर पावसाळ्यात साचणारं पाणी पाहत मी मोठी झाले. ते तिथं साचतं, कारण तो भाग सखल आहे. भरावावरून रस्ता होतो, पण पाण्याला उताराचा विसर पडत नाही.

मातीचं मात्र मला फार प्रेम लागलं. आमच्याकडे प्रयोग साधा असे. जागेची माती घ्यायची, त्यात मोजून सीझियम घातलेलं पाणी ओतायचं, हलवत ठेवायचं, मग पाणी वेगळं करून मोजायचं. बहुतेक सीझियम पाण्यात उरत नाही. चिकणमातीनं ते धरलेलं असतं. आपला काळा कातळ, बेसॉल्ट, झिजून जी चिकण माती होते तिच्या पापुद्र्यांत ते अडकतं. पाणी पुढे जातं आणि सीझियम मागे रेंगाळतं. पाण्याला जे अंतर कापायला एक वर्ष लागेल त्याला सीझियमला शेकडो वर्षं लागू शकतात, आणि तेवढ्यात ते विझतं. स्ट्रॉन्शियम त्याहून चपळ. ट्रिटियम तर पाण्याबरोबरच धावतं, त्याला माती थोपवू शकत नाही. प्रत्येकाची चाल निराळी. हे आकडे हाती येऊ लागले तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं होतं. माणूस विसरला तरी माती धरून ठेवील. तिला आठवण ठेवावी लागत नाही.

पण माती स्वतः कुणाच्या फावड्याला अडवत नाही. यादीत एक ओळ असते, ‘मानवी हस्तक्षेप’. कुणी तरी नकळत येईल आणि खणेल. घराचा पाया घेईल, बोअर मारील, रस्ता काढील. ही ओळ वाचून मला परळच्या बारादेवीच्या मंदिरात जायची सवय लागली.

१९३१ साली परळहून शिवडीकडे रस्ता काढताना मजुरांच्या कुदळी एका दगडाला लागल्या. बाहेर निघाली ती साडेतीन मीटर उंचीची शिळा. एकातून एक उमलत गेल्यासारख्या शिवाच्या सात मूर्ती, पायाशी वाद्यं घेतलेले गण. पाचव्या-सहाव्या शतकातलं काम, काही भाग अर्धवटच सोडलेला. आज ती बारादेवीच्या मंदिरात आहे. तिची प्रतिकृती वस्तुसंग्रहालयात ठेवली आहे, पण मूळ शिळा पाहायची तर परळलाच यावं लागतं. अभ्यासक तिच्या सौंदर्याबद्दल लिहितात, तेही खरंच आहे. मी तिच्यापुढे उभी राहते ती दुसऱ्याच विचारानं. एवढी मोठी वस्तू, एवढ्या श्रमानं घडवलेली, हजारो माणसांच्या श्रद्धेची. ती जमिनीखाली गेली आणि वर्षांमागून वर्षं तिच्यावरून माणसं चालत राहिली. कुणाच्याही गोष्टीत, गाण्यात, दप्तरात ती उरली नव्हती. आणि शेवटी ती सापडली कशी? आमच्या यादीत लिहिलं आहे अगदी तशी. रस्ता काढताना.

त्या मजुरांच्या कुदळीला देव लागला. दुसऱ्या कुणाच्या कुदळीला दुसरं काही लागू शकतं, आणि लागलेलंही आहे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडलं. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं किरण-उपकरण वर्षानुवर्षं न वापरता पडून होतं. ते काय आहे हे जाणणारी माणसं निवृत्त झाली आणि एक दिवस ते भंगारात लिलावाला निघालं. ज्यांनी ते फोडलं त्यांना ते काय आहे हे ओळखण्याचं काही साधन नव्हतं. एक कामगार दगावला, बाकीच्यांनी भोगलं. ती वस्तू तीनशे वर्षं पडून नव्हती, पंचवीसच्या आसपास होती. कोबाल्ट तोवर बरंच विझलेलं, तरी जीव घेण्याइतकं उरलेलं होतं. आणि ती जागा कुठली ओसाड नव्हती. देशाच्या राजधानीतलं विद्यापीठ होतं.

पंचवीस वर्षांत काय विसरता येतं हे गिरणगावात राहणाऱ्याला निराळं सांगायला नको. माझे वडील गिरणीत, साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर काय झालं हा सगळ्यांच्या घरातला इतिहास आहे. ज्या भोंग्यांवर पिढ्यान्‌पिढ्या घड्याळं लावली गेली, ते थांबले. आज लोअर परळच्या काचेच्या इमारतीत कामाला येणाऱ्या मुलाला विचारलं, तुझ्या खुर्चीखाली कोणती गिरणी होती, तर त्याला सांगता येत नाही. त्याचा दोष नाही, त्याला ते कुणी सांगितलंच नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगारांचं जगणं जिथं होतं ती जागा एका पिढीत अशी पुसट होते. मग चार हातमोजे आणि सिमेंटची पिंपं पुरलेली जागा दहा पिढ्या कोण लक्षात ठेवणार?

पाटी लावावी, असं कुणीही पटकन सुचवील. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये कार्ल्सबादजवळ मिठाच्या थरांत, साडेसहाशे मीटर खोल, प्लुटोनियमचा अंश असलेला कचरा १९९९ पासून पुरला जातो. तिथं दहा हजार वर्षांपर्यंत माणसांना सावध कसं करायचं यासाठी भाषातज्ज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, वास्तुकार असे लोक बसवले होते. १९९३ साली त्यांचा अहवाल आला. महाकाय काटेरी खांबांचं रान उभारावं, वेगवेगळ्या भाषांत मजकूर कोरावा, भेदरलेल्या चेहऱ्यांची चित्रं काढावीत. मी तो अहवाल वाचत गेले आणि मला राहून राहून वाटत होतं, हे आपल्याकडे झालेलं आहे.

झालेलं आहे, तेही परळमध्ये. शिलाहार राजा अपरादित्य याचा बाराव्या शतकातला एक शिलालेख परळला सापडला. दान दिलेल्या जमिनीचा लेख, संस्कृतात. शेवटी मात्र मराठीत शाप आहे, आणि सोबत ते प्रसिद्ध चित्र, गाढवाचं. कोकणात, उत्तर कोकणात तर जागोजाग, असे शापाचे दगड, गद्धेगाळ, उभे आहेत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर. मध्ये मजकूर. खाली ते चित्र, ज्याला अक्षर कळत नाही त्याच्यासाठी. या जमिनीच्या दानात जो ढवळाढवळ करील त्याच्या आईची अशी विटंबना होईल. कार्ल्सबादच्या तज्ज्ञांनी जे सुचवलं ते सगळं यात आहे. मुदत आहे, मजकूर आहे, निरक्षरासाठी चित्र आहे, आणि ते पाहून अंगावर शहारा यावा असा हेतू आहे. दगडही चांगला निवडला. आठ-नऊशे वर्षं टिकला.

अर्थ टिकला नाही. काही गावांत गद्धेगाळाला शेंदूर फासून देव म्हणून पुजतात. काही गावांत तो अपशकुनी म्हणून कोपऱ्यात लोटलेला आहे. कुठे तो पायरीला लागला, कुठे पाराला. ज्या दानाचं रक्षण करायला तो उभा होता ते दान, ती जमीन, तो राजा, सगळं गेलं. भीती तेवढी उरली, नाही तर भक्ती, आणि दोन्ही भलत्याच गोष्टींविषयी. मला यात त्या कोरणाऱ्यांची काही चूक वाटत नाही. त्यांनी आपल्याकडून होईल तितकं केलं होतं. मला दिसते ती दगडाची मर्यादा. दगड उभा राहतो, पण त्याला प्रश्न विचारला तर तो उत्तर देत नाही.

जास्त तीव्र कचऱ्याबाबत तर माणसाच्या आठवणीवर विसंबण्याचा प्रश्नच सोडून दिलेला आहे, आणि मला तो शहाणपणा वाटतो. तो कचरा आपल्याकडे बोरोसिलिकेट काचेत वितळवून एकजीव करतात आणि पोलादी डब्यांत बंद करून तारापूरला थंड होत ठेवतात. पुढे कधी तरी तो खोल कातळात जायचा आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, हजार मीटर खोलीवर, कातळ तापला तर कसा वागतो याचे प्रयोग आपल्या लोकांनी केले होते. फिनलंडनं ऑल्किलुओटोला चारशे मीटरहून खोल तळघर खणूनही ठेवलं आहे, तांब्याची भांडी आणि भोवती फुगणारी बेंटोनाइट माती. तिथला विचार असा की वर कुणाला काही माहीत नसलं तरी चालावं.

कातळाच्या भरवशाला आधार लागतो, तो आम्ही निसर्गात शोधतो. आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लोला १९७२ साली कळलं की तिथल्या युरेनियमच्या खनिजात साधारण दोनशे कोटी वर्षांपूर्वी आपसूक अणुभट्ट्या पेटल्या होत्या आणि लाखो वर्षं धुमसल्या. त्यात जन्मलेलं प्लुटोनियम जवळपास जागच्या जागीच विरून गेलं. सीझियम मात्र बरंचसं निसटलं. निसर्गसुद्धा सगळं धरून ठेवतो असं नाही, आणि हे जसंच्या तसं सांगितलं पाहिजे. इतक्या लांब जायचं नसेल तर वरळी आहे. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म मिळाले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं. सहा कोटी वर्षांहून जुनी ती नाजूक हाडं, खाली-वर धगधगता लाव्हा वाहून गेलेला, आणि तरी बोटांच्या खुणा शाबूत. मुंबईखालच्या दगडाला काही गोष्टी जपता येतात.

पण उथळ ट्रेंचमधल्या कचऱ्याला वरळीचा कातळ नाही आणि फिनलंडची खोली नाही. त्याला तीनशे वर्षं माणूस लागतोच. निवृत्तीनंतर मी या एकाच गोष्टीचा विचार करते. माझं म्हणणं असं आहे की आठवण दगडावर ठेवू नये आणि एखाद्या खात्याच्या कपाटातही ठेवू नये. खणणारा माणूस खणायच्या आधी जिथं हमखास जातो तिथं ती ठेवावी. महाराष्ट्रात तो कुठं जातो? तलाठ्याकडे, सातबारा काढायला. शहरात असेल तर मालमत्ता पत्रक काढायला.

१८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन मोजणी सुरू केली. तेव्हापासून कंपनी गेली, राणी आली, राणी गेली, प्रजासत्ताक आलं. जमिनीची नोंद चालूच राहिली. जुने कागद मोडीत होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून गेली, ती वाचणारे विरळ झाले. तरी आजही वाटणीचा दावा लागला की लोक मोडी वाचणारा शोधून काढतात, त्याला पैसे देतात, कागद लावून घेतात. वाचायची गरज उरली की वाचणारा मिळतो. जमिनीवरचा हक्क ही गरज या मुलखात कधी आटलेली नाही. भिखा बेहरामांच्या विहिरीवर रोज कुणी येतं ते पाण्यासाठी आणि श्रद्धेसाठी. सातबाऱ्याकडे रोज कुणी येतं ते गुंठ्यासाठी. हे दुसरं येणं कमी पवित्र असेल, पण ते थांबणार नाही.

म्हणून सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात, साध्या मराठीत, खुणा-संकेतांशिवाय ओळ असावी: या गटात इतक्या मीटरवर किरणोत्सारी कचरा पुरला आहे, विहीर, बोअर, पाया यांस मनाई, मुदत अमुक सालापर्यंत. मी हे बोलून दाखवते तेव्हा काही जुने सहकारी मान हलवतात. लोक घाबरतील, भोवतालच्या जमिनीचे भाव पडतील, जागा उघड होईल. मला ही भीती कळते. पण भाव पडतो तिथं माणूस थांबून विचारतो, आणि त्यानं थांबून विचारावं एवढ्यासाठीच तर ती ओळ. परवा ऑफिसातली एक तरुण मुलगी घरी आली होती, माझ्या जागेवर आता ती तेच तक्ते भरते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, मुदत संपल्यावर ती ओळ खोडणार कोण?’’ मी म्हटलं, सातबाऱ्यावरची ओळ आपोआप खोडली जात नाही. त्याला फेरफार लागतो. फेरफाराला अर्ज, अर्जाला चौकशी, चौकशीला कुणी तरी जागेवर जायचं. समज, आज भरलेला ट्रेंच असेल तर २३२५ नंतर. तेव्हा त्या वेळचा जो कुणी असेल त्याला हद्दीवरच्या विहिरीचं पाणी काढून मोजावं लागेल, आणि मगच सही करता येईल.